बुढीचं तेल आणि माझ्याकडे राहिलेला निरोप

प्रिय अर्जनभाई,

'प्रिय' लिहिताना पेन अडखळलं, खोटं कशाला बोलू? तुम्ही मला कधीच प्रिय नव्हता. गेल्या अठरा वर्षांत मी कुणावर जळले असेन तर ती तुमच्यावर. शेजारणीच्या सोन्यावर नाही, जावेच्या गोऱ्या रंगावर नाही. उल्हासनगरच्या कॅम्पातल्या, नखांत कायम काळं तेल असलेल्या एका सिंधी मेकॅनिकवर!

आज तुमचं बारावं. हे सकाळीच तुमच्या घरी गेलेत. मोहिनीभाभींनी बोलावणं दोघांनाही धाडलं होतं. मी साडी नेसून तयार होते. पण निघताना हे मला म्हणाले, "तू थांब घरी." आवाज चढवला नाही, दार आपटलं नाही. का थांबवलं, ते मला ठाऊक आहे. तुम्हालाही कळायला हवं, म्हणून लिहायला बसले.

तुम्ही आमच्या घरी पहिल्यांदा आलात तो रविवार मला आठवतो. बदलापूरला हेंद्रेपाड्यात आमचं घर नुकतंच बांधून झालं होतं, पुढे जरा अंगण होतं आणि ह्यांनी तुमच्याच ओळखीतून ती करडी, सेकंडहँड गाडी घेतली होती. चौसष्टचं मॉडेल. तुम्ही तिला 'बुढी' म्हणायचात. तुम्ही दोघं तिच्याखाली आडवे झाला होतात, बाहेर फक्त चार पाय. मी चहा घेऊन आले आणि दारातच थबकले. खालून हसण्याचा आवाज येत होता. पोट धरून, खोकला येईपर्यंत कुणीतरी हसत होतं.

ते हे होते! लग्नाला सात वर्षं झाली होती आमच्या. हा माणूस असा हसू शकतो, हे मला गाडीखालून कळावं?

तेव्हापासून दर रविवार तुमचा. सहा दिवस हे अंबरनाथच्या कारखान्यात ड्रॉइंग ऑफिसमध्ये मान मोडून बसायचे. घरी आले की पेपर, जेवण, झोप. सातवा दिवस माझा असायला हवा होता ना? पण नऊ वाजले की तुमची स्कूटर फाटकाशी. "भाभी, साईं उठला का?" ह्यांना तुम्ही 'साईं'च म्हणायचात. आणि ह्यांच्या अंगात वारं शिरायचं. बनियन बदलायचे, जुनी पँट चढवायचे. माझ्याबरोबर दवाखान्यात जायचं म्हटलं तर तासभर चप्पल सापडायची नाही.

तुम्ही चांगले होतात, हेच तर वाईट होतं. दारू नाही, पत्ते नाहीत, तोंडात शिवी नाही. तक्रार करायची तरी काय? आईला पत्रात काय लिहू? 'ह्यांचा एक मित्र आहे आणि तो फार सज्जन आहे'?

एक गोष्ट तुम्हाला माहीत नसेल. तुमच्या घरी आम्ही जेवायला आलो होतो तेव्हा मोहिनीभाभी स्वयंपाकघरात माझा हात धरून म्हणाल्या, "भाभी, साईंना सांगा, मनाला लावून घेऊ नका. पुढच्या वर्षी मिळेल बढती." मी मान हलवली. जणू मला सगळं माहीत होतं. बढती डावलली गेली होती, ह्यांच्या हाताखालचा माणूस वर गेला होता आणि महिनाभर घरात मला त्याचा पत्ता नव्हता. तुम्हाला होता. तुमच्या बायकोलाही होता! त्या दिवशीची तुमच्याकडची कढी कशी होती, मला आजही सांगता यायचं नाही.

परतताना गाडीत मी ह्यांना विचारलं, "मला का नाही सांगितलंत?"

"तुला उगाच काळजी," हे म्हणाले.

आणि अर्जनभाईंना काळजी नाही वाटत? हे मी विचारलं नाही. गिळलं. ते आत राहिलं.

मग धाकट्या बहिणीचं, उषाचं लग्न ठरलं. संगमनेरला, माझ्या माहेरी, वैशाखात. मी हट्ट धरला, एसटीने नाही जायचं, आपल्या गाडीने जायचं. तोवर बुढी अंबरनाथ आणि तुमच्या कॅम्पापलीकडे कधी गेलीच नव्हती. माझ्या डोळ्यांसमोर काय होतं, सांगू? मांडवाच्या दारात गाडी थांबतेय, मी उतरतेय, हे तर होतंच. पण त्याहून जास्त हवा होता तो रस्ता. पाच तास हे शेजारी, आमची लेक मनीषा मागच्या सीटवर, आणि तुम्ही कुठेच नाही.

नवं तेल घालायची कल्पना माझी. माझ्या भावाने सांगितलं होतं, हल्ली चांगल्या प्रतीचं तेल मिळतं, इंजिन आतून धुऊन काढतं. मी ह्यांच्या मागे लागले. तुम्ही वर्षानुवर्षं तेच घट्ट, साधं तेल वरून भरत होता, ते मला गबाळेपणाचं वाटायचं. खरं सांगायचं तर तुमच्यापेक्षा शहाणं कुणीतरी आहे, एवढंच मला ह्यांना दाखवायचं होतं.

लग्नाआधीच्या रविवारी तुम्ही इंजिनखालच्या चेंबरचा बोल्ट काढलात आणि जुनं तेल काकवीसारखं घमेल्यात उतरलं. तुम्ही ते बोटावर घेऊन चोळलंत, वास घेतलात आणि नाक मुरडलंत.

"साईं, बुढीला हिचंच जुनं चालू दे की."

"अरे, घाट चढायचाय. चांगलंचुंगलं खाऊ दे तिलाही एकदा," हे हसून म्हणाले. तुम्ही खांदे उडवलेत आणि नवा डबा ओतलात. सोनेरी, मधासारखं तेल होतं.

काम उरकलं. हे आंघोळीला गेले. तुम्हाला घाई होती, मोहिनीभाभींना घेऊन कुठे साखरपुड्याला जायचं होतं. स्कूटरला किक मारायच्या आधी तुम्ही मला हाक मारलीत.

"भाभी, साईंला सांगा हां, विसरू नका. जुन्या इंजिनात मळ साचतो. रबराचं सील सुकून गेलेलं असतं, पण तो मळच भोक बुजवून बसलेला असतो. नवीन तेल तो धुऊन काढेल. गाडीच्या खाली रोज रात्री पुठ्ठा टाकायचा, सकाळी बघायचं. डाग दिसला तर लांब जायचं नाही. आधी मला बोलवा. मी सील बदलून देतो, एक दिवसाचं काम."

मी म्हटलं, "सांगते."

तुम्ही गेलात. हे डोकं पुसत बाहेर आले आणि पहिला प्रश्न काय? "गेला अर्जन? काही म्हणाला?"

अर्जनभाई, ते ज्या तोंडाने विचारलं ना, शाळेतून आलेलं पोर खाऊ विचारतं तसं! मला इतका राग आला. तुमचे निरोप ह्यांना आणि ह्यांचे तुम्हाला, मी काय दोघांमधली टपालवाली?

"काही नाही," मी म्हटलं. "घाईत होते."

एवढंच. एवढं एकच वाक्य.

सोमवारी सकाळी मी सडा घालायला बाहेर आले. गाडीखाली रुपयाएवढा डाग. मंगळवारी वाटीएवढा. बुधवारी बशीएवढा. तिन्ही दिवस मी ह्यांच्या आधी उठले, चुलीतली राख टाकली, खराट्याने घासलं, वर पाणी मारलं. गुरुवारी निघायचं होतं. त्या पहाटे डाग भाकरीएवढा होता. हातातला खराटा क्षणभर थांबला, हे खरं आहे. आत जाऊन सांगावं असं वाटलं, हेही खरं. पण सांगितलं की हे म्हणणार, "अर्जनला बोलावतो." मग तुम्ही येणार, गाडीखाली शिरणार, आणि माझ्या बहिणीच्या लग्नाला आम्ही कसं जायचं ते तुम्ही ठरवणार!

मी तो डागही धुतला.

बारवी धरणाच्या रस्त्याने आम्ही निघालो. सकाळची हवा, दोन्ही बाजूंना झाडी, मनीषा मागे गाणी म्हणत होती. मला वाटलं, मिळाला माझा रस्ता. तेवढ्यात हे म्हणाले, "अर्जनला आणायला हवं इकडे एकदा. त्याला धरण बघायचंय." तिथेही तुम्ही होतातच!

मुरबाड गेलं. माळशेज घाट अर्धा चढलो असू, समोरचा लाल दिवा लागला. हे म्हणाले, "तेलाचा दिवा आहे. थांबून बघतो."

मी म्हटलं, "आता थांबू नका. मुहूर्त बारा पस्तीसचा आहे."

दोन वळणं गेली असतील. गाडीच्या पोटातून लोखंड घासल्यासारखा आवाज आला आणि इंजिन जाम झालं. चढावर. गाडी मागे सरकायला लागली आणि मागे भरलेला ट्रक. ह्यांनी हँडब्रेक ओढला, मी ओरडले, मनीषाचं कपाळ सीटच्या दांडीवर आपटलं. ट्रकवाल्याने कसा थांबवला देव जाणे, हातभर अंतर राहिलं होतं. मी उतरले तेव्हा मागचा सगळा रस्ता तेलाने चमकत होता. पोरीच्या भुवईतून रक्त येत होतं. ती रडतसुद्धा नव्हती, नुसती माझ्याकडे बघत होती.

आळेफाट्याला भुवईवर तीन टाके घातले. संगमनेरला पोचलो ते कांद्याच्या ट्रकमधून, पाच वाजता. उषाची पाठवणी चालू होती. माझ्या गळ्यात पडून ती म्हणाली, "ताई, अंतरपाट धरला तरी मी दाराकडेच बघत होते गं." आजही तिच्या लग्नाच्या अल्बममध्ये मी फक्त शेवटच्या पानावर आहे, विस्कटलेली.

चौथ्या दिवशी बुढीला ट्रकमागे बांधून घरी आणली. तुम्हाला कुणीतरी सांगितलं असणार, तासाभरात तुम्ही हजर. कुणाशी न बोलता गाडीखाली शिरलात. बाहेर आलात तेव्हा तोंड उतरलं होतं.

"बोल्ट घट्ट आहे, साईं. मागचं सील गेलंय. मळ धुतला गेला."

"म्हणजे हे होणार, तुला माहीत होतं?" हे म्हणाले.

तुम्ही खिशातलं फडकं काढलंत.

"माहीत होतं आणि मला जाऊ दिलंस? पोरीला घेऊन घाटात? अर्जन, एक शब्द बोलला असतास! एक शब्द!"

मी दारात उभी होते. मनीषा माझ्या पदराला धरून, कपाळाला पट्टी. तुम्ही वर बघितलंत. ह्यांच्याकडे नाही, माझ्याकडे. मला वाटलं, आता सांगणार. सांगायलाच हवं होतंत! मग तुमची नजर मनीषाच्या पट्टीवर गेली. तुम्ही फडक्याला हात पुसत राहिलात, पुसलेलेच परत पुसत राहिलात.

"विसरलो, साईं," तुम्ही म्हणालात.

का? कुणी सांगितलं होतं तुम्हाला एवढं मोठं व्हायला? मला त्या क्षणी सुटल्यासारखं वाटलं आणि पुढच्याच क्षणी तुमचा संताप आला. म्हणजे चांगुलपणातही तुम्हीच वरचढ!

हे फक्त म्हणाले, "तू जा आता." तुम्ही गेलात. स्कूटर फाटकाबाहेर ढकलत नेलीत, सुरूसुद्धा केली नाहीत.

पुढचं तुम्हाला ठाऊकच आहे. बुढी भंगारात गेली. हे कारखान्यात म्हणाले, अर्जनच्या हातात आता पूर्वीचं काम राहिलं नाही, विसरतो. मुद्दाम नाही म्हणाले, दुखावलेला माणूस बोलतो तसं बोलले. पण त्या ऑफिसातल्या दहा-बारा जणांच्या गाड्या आणि स्कूटरी तुमच्याकडे यायच्या. हळूहळू सगळ्या दुसरीकडे जायला लागल्या. हे मला कळत होतं. मी गप्प होते.

आणि मला काय मिळालं? रविवार मिळाले! सात वर्षांचे रविवार. नऊ वाजता हे अंगणात खुर्ची टाकून बसायचे आणि फाटकाकडे बघायचे. मी शेजारी भाजी निवडत बसायचे. "काहीतरी बोला ना," मी म्हणायचे. "काय बोलू?" हे विचारायचे. नवीन गाडी घेऊ म्हटलं तर नको म्हणायचे. तुम्ही रविवार सोडून गेलात, पण तो माणूस बरोबर घेऊन गेलात!

गेल्या वर्षी मी तुमच्याकडे आले, तेव्हा कापड घ्यायला आले होते असं तुम्हाला सांगितलं. खोटं होतं. मला बघायचं होतं, तुम्हालाही ह्यांच्यासारखंच होतंय का. गॅरेजमध्ये एकच स्कूटर उघडून ठेवली होती. तुम्ही वाळला होता. मला बघून उठलात, स्टूल पुसलंत, पाणी आणि भाजलेला पापड पुढे केलात. मग विचारलंत, "साईं कसा आहे? चष्मा डोक्यावर ठेवून अजून घरभर शोधतो?"

हो, अजून शोधतात. पण ते तुम्हाला कशाला माहीत असायला हवं?

मी विचारलं, "तुम्ही त्या दिवशी खोटं का बोललात?"

तुम्ही हातातला पाना खाली ठेवलात. मग म्हणालात, "भाभी, पोरीच्या डोक्याला पट्टी होती. तुमचं तोंड बघितलं मी. अजून काय शिक्षा करायची?" पाना परत उचलून म्हणालात, "पण राग आला होता हां. लई राग आला होता. मोहिनीला पण नाही बोललो. ती अजून मला म्हणते, असं कसं विसरलात."

"मी सांगते त्यांना," मी म्हटलं.

"सांगा. पण भाभी, जरा लवकर सांगा."

तो शब्द मी तुम्हाला दिला आणि रोज उद्यावर टाकला. कारण सांगितल्यावर हे तडक तुमच्याकडे धावणार, हे मला दिसत होतं. सात वर्षांनी ह्यांचं हसू परत येणार आणि ते पुन्हा तुमच्यामुळेच! तेवढंही बघवणार नव्हतं मला. इतकी वाईट बाई आहे मी, अर्जनभाई. तुम्हीही इतकी घाई करायची का? छातीत कळ आली आणि तासाभरात संपलं, असं कुणी जातं का?

हे खांदा द्यायला गेले होते. परत आले ते पायरीवर बसले आणि हमसून हमसून रडले. माझे सासरे गेले तेव्हाही असे रडले नव्हते. मी पाठीवर हात ठेवला आणि मनात काय आलं, सांगू? मी गेले तर हे असे रडतील का? तुमची चिता विझली नव्हती आणि मी तुमच्यावर जळत होते.

आज सकाळी हे पांढरा सदरा घालत होते. शेवटचं बटण राहिलं होतं. मी एका दमात सगळं सांगितलं. निरोप, पुठ्ठा, चार दिवसांचे चार डाग, राख, खराटा.

हे पलंगावर बसले. "त्याने तुला सांगितलं होतं?"

"हो."

"आणि मी विचारलं, तेव्हा तो म्हणाला, विसरलो."

"हो."

"माझ्या तोंडावर म्हणाला. विसरलो." दोन-तीनदा तेच बोलले. मग त्यांचे डोळे भरून आले आणि ओठांवर, हो, हसूच आलं. "असाच होता साला," म्हणाले.

मी वाट बघत होते. ओरडतील, हात उगारतील, म्हणतील, चालती हो. काहीच नाही. माझ्यावर रागवायलासुद्धा त्यांना सवड नव्हती. खोलीत मी समोर उभी, आणि ते तुमच्याजवळ होते. मग उठले, राहिलेलं बटण लावलं, आणि मला थांबायला सांगून निघून गेले. राग कदाचित उद्या येईल. येऊ दे, मी घरीच आहे.

तुमची मी क्षमा मागणार नाही. तुम्ही 'जाऊ द्या भाभी' म्हणाल आणि पुन्हा माझ्यापेक्षा मोठे व्हाल. त्यापेक्षा वचन देते, आणि हे उद्यावर टाकणार नाही. येत्या सोमवारी मी मोहिनीभाभींकडे जाईन, एकटी. तुम्ही काही विसरला नव्हता, हे त्यांना माझ्या तोंडून कळेल. मग अंबरनाथला जाईन आणि ह्यांच्या ऑफिसातल्या प्रत्येकाला तेच सांगेन, दारात उभं केलं तरी. आणि ह्यांना म्हणेन, अर्जनभाईंबद्दल बोला. पहिल्या दिवसापासून, गाडीखाली एवढं कशाला हसत होतात तेही सांगा. मी मध्ये बोलणार नाही. पोटात दुखेल माझ्या, फार दुखेल. तरी शेवटपर्यंत ऐकेन.

तुमच्यावर अजूनही जळणारी,
नलिनी